घरातलं घरात

माझी बायको जाऊन दीड वर्ष झालं. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, भाऊ, आता राग सोडा. पण हा राग नाही. राग असता तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. मला फसवलं. फसवणारे कोण, तर ज्यांना मी हाताला धरून काम शिकवलं ती पोरं, आणि जिच्यासोबत बेचाळीस वर्षं एका चुलीचं खाल्लं ती बाई. ते कसं झालं तेवढं लिहितो. मी चौथी शिकलो, सजवून लिहिणं मला येत नाही.

जंगलखात्याच्या बांबू डेपोत मी आधी मोळ्या उचलल्या, मग चौकीदार झालो, तिथूनच रिटायर झालो. आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, धानाचं. ख्रिस्ती घरं वीस-बावीस, बाकी शेतकरी, बौद्ध, थोडे गोंड. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर आणि चार खिडक्या. तिथला तरुण संघ आधी एक शिकलेला मुलगा चालवत होता. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. चर्चचे पाळक मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही रिकामेच आहा. थोडे दिवस पोरांले पाहा." त्या थोड्या दिवसांची नऊ वर्षं झाली.

तोवर तरुण संघ म्हणजे गिटार, नाताळचं नाटक आणि नवे कपडे. मला गाणं येत नाही, गिटार तर हातात धरली तरी फावड्यासारखी धरतो. पहिल्या शनिवारी दहा-बारा पोरंपोरी बाकावर बसली होती. सगळी तेरा ते सतरा वर्षांची. एकानं बायबल उघडून विचारलं, "भाऊ, कोणता अध्याय काढू?"

"अध्याय नाई. बादल्या काढा."

सगळे हसले. त्यांना वाटलं म्हातारा गंमत करून राहिला. मी त्यांना तसंच उठवलं आणि गावाच्या टोकाला नेलं. तिथे एक आंधळा म्हातारा एकटा राहायचा, पोरगा हैदराबादला मजुरीला. आमच्या गावात असे म्हातारे दर गल्लीत आहेत. लेकरं चंद्रपूर, बल्लारपूर, हैदराबाद, जिकडे काम तिकडे. मागे राहिलेल्यांना पाणी कोण भरेल, लाकूड कोण फोडेल? हे चर्चचं काम नाही तर कोणाचं?

म्हाताऱ्यानं दारातूनच विचारलं, "कोण हाये? बाटवाले आले काय बे?"

"नाई बाप्पा. पाणी भराले आलो."

"मंग भरा. पण तुमचा येशू बाहेर ठेवा."

"बाहेरच हाये. सायकल धरून उभा हाये."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला लागला. त्या दिवशी पोरांनी पाणी भरलं, अंगण झाडलं, आणि एका पोरानं त्याच्या पायाची नखं काढली. नखं म्हणजे बैलाच्या खुरासारखी. पोरगा तोंड फिरवून काढत होता. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "नखं काढताना त्याच्या तोंडाशी बोलाचं. तू तोंड फिरवलं का त्याले समजते. आंधळा हाये, मुर्दा नाई."

असं सुरू झालं. दर शनिवारी शाळा सुटली की पोरं दोन-दोन, तीन-तीन अशी वाटून घरोघरी जायची. पाणी, लाकूड, सारवण, कपडे, डोक्यातल्या उवा, दवाखान्यात नेणं. फोटो काढायचा नाही. दुसऱ्याच्या घरात मोठ्यानं प्रार्थना करायची नाही, त्यांनी म्हटलं तरच. आम्हाला लेकरू झालं नाही. म्हणून म्हणा किंवा कशानं म्हणा, या पोरांवर मी जीव लावला. ते तोंडावर दाखवलं नाही, कारण दाखवलं की पोरं डोक्यावर बसतात.

मग ती म्हातारीची गोष्ट झाली. गावात एक विधवा म्हातारी होती, चांगल्या खात्यापित्या घरची समजली जायची. आमच्या दोन पोरी तिच्याकडे पाणी भरायला जायच्या. एकदा त्यांनी तिच्या ताटात पाहिलं तर कण्या आणि मीठ. पोरींना वाईट वाटलं. वाईट वाटलं म्हणून त्यांनी आपापल्या आईला सांगितलं, आयांनी बोअरिंगवर सांगितलं, आणि दोन दिवसांत साऱ्या गावात झालं की अमक्याची माय कण्या खाते. तिचा मुलगा चंद्रपूरहून आला, भर चौकात आईवर ओरडला, "माही इज्जत घालवली तू!" दुसऱ्या शनिवारी पोरी गेल्या तर म्हातारीनं दार उघडलं नाही. पोरींनी दारात भरून ठेवलेला पाण्याचा गुंड तिनं मागाहून तिथेच ओतून दिला. परत कधी आम्हाला उंबऱ्यात येऊ दिलं नाही. मी स्वतः गेलो, हात जोडले. ती म्हणाली, "तुह्या पोरीइनं माह्यं ताट गावभर फिरवलं."

हे मला फार लागलं. आम्ही पाणी दिलं आणि लाज नेली. त्या रविवारी उपासना झाल्यावर मी पोरांना थांबवून नियम लावला. चर्चमधल्या टेबलावर हात ठेवून एकेकाला म्हणायला लावलं. ज्या घरात सेवा करू, त्या घरातली गोष्ट त्या घरातच राहील. आईला सांगायची नाही, बापाला नाही, पाळकाला नाही.

एका पोरानं विचारलं, "आन् तुमाले, भाऊ?"

"मले बी नाई."

"बाप्पा! मंग पोटात गोळा होईन ना."

"होऊ दे. गोळ्यानं कोणी मरत नाई."

तेव्हापासून संघात कोणी नवीन आलं की हाच नियम टेबलावर हात ठेवून म्हणायचं. पोरांनी त्याला नावच पाडलं, घरातलं घरात. आणि नियमानं काम केलं, हे खरं आहे. जी घरं आमच्यासाठी बंद होती ती उघडली. दारुड्यांच्या बायका, खोकणारे म्हातारे, सगळे पोरींपुढे मोकळे बोलायचे. त्यांना माहीत झालं होतं की ही पोरं विहिरीसारखी आहेत, टाकलेलं वर येत नाही. पाळक दुसऱ्या मंडळ्यांत आमचं उदाहरण सांगायचे. मला त्याचा गर्व होता. आता खोटं कशाला बोलू.

माझ्या बायकोचे गुडघे दुखायचे. सारं गाव तिला बाई म्हणायचं, पोरंसुद्धा. शनिवारी मी पोरांना घेऊन निघालो की ती दारात उभी राहून टोमणा मारायची, "जा. साऱ्या गावचं पाणी भरा. घरचा गुंड पाहाले देव येईन."

संघात एक मुलगी होती, तेव्हा अकरावीत गेलेली. सगळ्या पोरींची पुढारी तीच. हुशार, बोलायला सरळ, कोणत्याही घाणीला न भिणारी. एका शनिवारी ती म्हणाली, "भाऊ, बाईचं नाव सेवेच्या यादीत टाका ना. त्याइच्यानं खाली बसणं होत नाई."

मी म्हणालो, "पुढाऱ्याचं घर शेवटी."

आतून बायको ओरडली, "लिही वो माह्यं नाव! याइचं नको ऐकू!"

असं माझंच घर यादीत आलं. पेरणीच्या आधीची गोष्ट आहे. शनिवारी मी मुलांसोबत कोणाचं कुंपण बांधायला, कोणाचं लाकूड फोडायला जायचो, आणि ही मुलगी आणखी एकीला घेऊन माझ्या घरी. मी परत यायचो तेव्हा अंगण सारवलेलं, कपडे दोरीवर, आणि तिघी माजघरात बसलेल्या. मी आलो की बोलणं बंद.

मी हसून विचारायचो, "काय बोलून राह्यल्या एवढं?"

बायको म्हणायची, "सांगाचं नाई. तुमचाच नियम हाये."

पोरी खाली पाहायच्या. मला वाटायचं, लाजतात. मला मजा वाटायची. बेचाळीस वर्षांत बायकोला अशी खुशीत बोलायला कोणी भेटलं नव्हतं. मी मुद्दाम घरी उशिरा यायला लागलो, बोलू दे म्हणून.

त्या दिवसांत मला काय काय दिसलं ते आता मोजतो. ती डाव्या हातानं फळीवरचा डबा काढेनाशी झाली. मी म्हणालो, वय झालं. तिच्या अंगाला हळदीचा आणि कडुनिंबाचा वास यायला लागला. ती म्हणाली, घामोळ्या आल्या. दोरीवर धोतराचे फाडलेले तुकडे वाळायला लागले. माझं धोतर नाही, मी पँट घालतो. मी त्या मुलीला विचारलं, "हे कोणाचं?" ती म्हणाली, "आमच्या आज्याचं जुनं हाये, भाऊ. पुसाले आणलं." मी म्हणालो, बरं केलं. त्या पोरीच्या तोंडाकडे मी पाहिलंच नाही. आंधळ्याची नखं काढताना तोंडाशी बोला म्हणून शिकवणारा मी.

नाताळच्या आठ दिवस आधी. दुपारची वेळ, घराला चुना मारणं चाललं होतं. मी शिडीवर, बायको खालून डबा देत होती. तिनं डबा वर केला आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. चुना सगळा सांडला. मी उतरून तिला काखेत धरून उचललं तर माझा हात ओला झाला. पाहिलं तर पू आणि रक्त. ब्लाऊजच्या आत फडक्यावर फडकं बांधलेलं होतं.

"हे काय हाये?" मी विचारलं.

तिनं पदर ओढून घेतला. आणि तेवढ्यात दारात ती मुलगी आली. शनिवार होता. तिनं माझा हात पाहिला, बाईचं तोंड पाहिलं, आणि चपला न काढता आत येऊन म्हणाली, "भाऊ, गाडी बोलवा. लवकर बोलवा." घाबरली होती, पण चकित झाली नव्हती. ते मला तेव्हा समजलं नाही.

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात तीही सोबत आली, कारण बाई तिचा हात सोडत नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी पडद्याआड तपासलं, बाहेर आल्या आणि मला विचारलं, "आजोबा, छातीतली ही गाठ किती दिवसांपासून आहे?"

मी म्हणालो, "आताच, आज दुपारी."

त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग माझ्या बाजूनं आवाज आला. "पेरणीच्या आधीपासून, मॅडम. आधी बोराएवढी होती. पोळ्याले लिंबाएवढी झाली. दिवाळीच्या नंतर फुटली."

ती मुलगी बोलत होती. खाली मान घालून, शाळेत उत्तर द्यावं तसं.

सात महिने. माझ्या घरात, माझ्या खाटेवर, माझ्या शेजारी झोपणाऱ्या बाईच्या छातीत बोर होतं ते लिंबू झालं, आणि ते अकरावीतल्या पोरीला माहीत होतं, तिच्या मैत्रिणीला माहीत होतं, मला माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पसरलं आहे. आधी आणलं असतं तर गोष्ट वेगळी राहिली असती. हे वाक्य त्यांनी एकदाच म्हटलं. मी रोज ऐकतो.

नागपूरला नेऊ म्हणालो तर बायको म्हणाली, घरी न्या. घरी आणली. फाल्गुनापर्यंत राहिली. मी तिला रोज विचारायचो. सकाळी विचारायचो, चहा पाजताना विचारायचो. "काऊन नाई सांगतलं मले? मी काय मारलं असतं?" ती भिंतीकडे तोंड करायची. एकदाच उत्तर दिलं, तेही दुसऱ्याच गोष्टीचं. म्हणाली, "त्या पोरींले काई बोलू नका. माह्या गळ्याची शपथ हाये."

शपथ दिली म्हणून ती असेपर्यंत बोललो नाही. पोरी रोज येत राहिल्या. फडकी बदलत राहिल्या. आता लपवायचं काही नव्हतं तरी मी आत गेलो की तिघी गप्प. स्वतःच्या घरात मी पाहुण्यासारखा खोकून आत जायचो. बायको मेली तेव्हा हात माझ्या हातात होता, पण नजर त्या पोरीकडे होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आता लिहिलं.

पुरल्यावर पहिला रविवार आला. उपासना संपली. पाळक म्हणाले, भाऊंना दोन शब्द बोलायचे आहेत. मी उभा राहिलो आणि त्या टेबलाजवळ गेलो. म्हणालो, "माह्या घरात चोरी झाली. या पोरीइनं केली. माह्या बायकोचे सात महिने माह्या घरातून चोरून नेले. ते सात महिने माह्ये होते. मी तिले पाठीवर घेऊन नागपूरले गेलो असतो. याइनं मले मोका नाई देल्ला. आजपासून मी या संघाचा कोणी नाई."

ती मुलगी आईच्या बाजूला बसली होती. ती रडली नाही, फक्त ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पाळक घरी आले. म्हणाले, देवाची इच्छा. मी म्हणालो, "देवाले मधात आणू नका. देवानं मले सांगाले नाई म्हटलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटलं तरी आली नाही.

"भाऊ, माही पोरगी कालपासून जेवली नाई."

"मंग मी काय करू?"

"तुमी काई नका करू. पण एक आठवा. भादव्यात तुमी एका म्हाताऱ्याचं कुंपण बांधून राह्यले होते. माही पोरगी सायकलनं आली होती तुमच्यापाशी. काय बोलले तुमी तिले?"

ती निघून गेली. आणि मला आठवलं. हे लिहिणार नव्हतो, पण लिहिलं नाही तर मीही लपवणाराच झालो.

पाऊस उघडला होता. आम्ही काट्या बांधत होतो. ती सायकल टेकवून जवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, एक विचारू का? समजा एखाद्या घरी आपल्याले असं दिसलं का..."

"थांब. कोणाचं घर?"

"नाव नाई सांगत, भाऊ. पण त्या घरी..."

"नाव नाई सांगत त गोष्टही सांगू नको. नियम काय हाये?"

ती चिखलाकडे पाहायला लागली.

"बोल ना. काय हाये नियम?"

"घरातलं घरात."

मुलं हसली. एक म्हणाला, "पोटात गोळा झाला वाटते मॅडमच्या." ती सायकल घेऊन गेली. ती गेल्यावर मी मुलांना म्हणालो, "पाहा, पुढारी असून नियम मोडाले आली होती. तुमी असे होऊ नका." म्हणालो आणि काटी बांधायला लागलो.

म्हणजे बायकोची गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा ही पोरगी माझ्याकडे आली होती.

कोणी म्हणेल, मग दोष तुझाच. असू दे. दोष माझाच आहे, मी तो उचलतो. पण दोष माझा म्हणून फसवणूक कमी होत नाही. नियम मी गावासाठी लावला होता. माझ्या बायकोनं तो माझ्यावरच लावला. तिला माहीत होतं की ही पोरं तोंड उघडणार नाहीत. तिनं नवरा नाही निवडला, ती पोरं निवडली. का निवडली, एवढंच मला पाहिजे होतं. तिची मोठी बहीण ऑपरेशनमध्ये गेली, त्याची भीती असेल? लोक म्हणतात लाज. बेचाळीस वर्षांनंतर कसली लाज? की मी तिचं कधी ऐकलंच नव्हतं, गुडघ्याचं ऐकलं नाही तसं? रोज एक कारण लावतो, रोज काढून टाकतो. मैत्रिणीला गाठच माहीत होती, मनातलं बायको त्या पुढारी पोरीलाच सांगत असणार. खरं कारण दोघींना माहीत. एक मेली. दुसरी दोन गल्ल्या सोडून राहते.

वर्षभर मी चर्चला जायचो, मागच्या बाकावर बसायचो आणि आशीर्वाद झाला की सरळ घरी. संघ चालू राहिला. शनिवारी पोरं बादल्या घेऊन माझ्या दारावरून जायची, सलाम भाऊ म्हणायची. मी आत जायचो.

मागच्या महिन्यात ती आली. बारावी पास झाली, नर्सिंगला नागपूरला नंबर लागला. कॉलेजला मंडळीचं पत्र पाहिजे होतं, की मुलगी चांगली आहे, इतकी वर्षं सेवा केली. पाळकांनी लिहून दिलं होतं. खाली तरुण संघाच्या पुढाऱ्याची सही पाहिजे. नवीन पुढारी अजून कोणी नेमला नव्हता, म्हणजे सही माझीच. पाळकांनी मुद्दामच पाठवली असेल.

सकाळचे दहा वाजले असतील. मी अंगणात खाटेवर होतो. तिनं कागद पुढे केला. किती वाळली होती पोरगी. मी कागद घेतला, वाचला. लिहिलं होतं, प्रामाणिक, कष्टाळू, विश्वासू.

"बस," मी म्हणालो.

ती खाली बसली.

"सही करतो. पण आधी मले सांग. बाई काय म्हणे? मले काऊन नाई सांगतलं?"

ती कागदाकडे पाहत राहिली.

"सात महिने तुमी बसून बोलत होत्या. काईतरी म्हणत असन ना ते. माह्याविषयी म्हणत असन. वाईट असन तरी सांग. मी ऐकतो."

"भाऊ," ती म्हणाली, "नाई सांगता येत."

"काऊन?"

"बाईनं सांगतलं होतं. कोणाले सांगाचं नाई, भाऊले त बिलकुलच नाई."

"गेली ना ते आता!"

"गेली तरी."

मी उठून उभा राहिलो. आवाज चढला माझा, शेजारची बाई बाहेर येऊन पाहायला लागली. "नियम मीच लावला. मीच काढतो. आज, आत्ता काढला. घरातलं घरात नाई, घरातलं बाहेर. बोल!"

तिचे डोळे भरून आले, पण मान हलवली. "तुमच्या नियमानं नाई भाऊ, मी बाईले शब्द देल्ला. तुमाले सांगाले मी एकदा आली होती. तवा सांगतलं असतं. तवा बाई जिती होती, वाचली असती. आता सांगून बाई वाचत नाई, फक्त तिचा शब्द जाते."

"मी नवरा हाये तिचा."

"हो."

तेवढंच म्हणाली, हो. मग म्हणाली, "सही नसन कराची त नका करू, भाऊ. मी पाळकाले सांगीन, भाऊचे डोळे दुखतात."

मला वाटलं कागद फाडावा. हात तसा गेलाही. एका अठरा वर्षांच्या पोरीच्या पोटात माझ्या बायकोचं शेवटचं बोलणं आहे आणि ती ते घेऊन नागपूरला चालली आहे, आणि मी इथे रिकाम्या खाटेवर कारणं लावत बसणार. किती मोठा अन्याय आहे हा. आणि मी समोर पाहिलं तर तिच्या तोंडावर तेच होतं जे मी नऊ वर्षं पोरांच्या तोंडावर आणायचा प्रयत्न करत होतो. ज्याच्या घरात जाशील त्याचं राखशील, मारलं तरी राखशील. मी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं होतं की आता ते मलाच ओळखत नव्हतं.

घरात जाऊन पेन आणला. माझी सही मोठी आहे, चौथीतली, एकेक अक्षर सुटं. पत्रात लिहिलेलं तिन्ही खरं होतं. खोटं असतं तर केली नसती.

कागद दिला. ती उठली, "सलाम, भाऊ" म्हणाली. मी सलाम घेतला नाही. ती कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गेली.

फाटकाची कडी तिनं नीट लावली. शेजारची बाई अजून तिथेच उभी होती, तिनं विचारलं, "काय म्हणत होती वो ते पोरगी?"

मी म्हणालो, "काई नाई म्हणत." आणि ते खरंच होतं.